तारा आणि माठ

गेले दोन आठवडे माझा तारा एकाच जागी अडकलाय. सूर्याएवढ्या वस्तुमानाचा तारा मी मेसा नावाच्या, ताऱ्याचं आयुष्य कम्प्युटरवर उलगडणाऱ्या कोडमध्ये चालवतेय, आधी सगळं मस्त जातं, एकेक टाइमस्टेप, म्हणजे कोडची एकेक उडी, लाखो वर्षांची, मग तो फुगून लाल राक्षसी तारा होतो, गाभ्यात सूर्याच्या साधारण 0.47 पट हेलियम साठतं आणि टाइमस्टेप घसरत घसरत पार तासांवर येते. हा हेलियम फ्लॅश. गाभा इतका दाबलेला असतो की तापला तरी फुगत नाही, फुगत नाही म्हणून थंडही होत नाही, आणि हेलियम भराभर पेटत जातं. बाहेरून मात्र ताऱ्याकडे बघून काही कळत नाही, हेच मला फार भारी वाटतं.

शनिवारी रन चालू ठेवून जुन्नर तालुक्यातल्या एका झेडपी शाळेत गेले. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या डिश लहानपणापासून बघत आलेली पोरं ती. अंधार पडल्यावर मृग दाखवला, त्यातला तांबूस काक्षी आणि निळसर राजन्य, आणि विचारलं जास्त गरम कोण? सगळे एका सुरात काक्षी! गीझरच्या नळावर लाल म्हणजे गरम ना. मग एक मुलगा म्हणाला, आमच्या लोहारकाकांकडे लोखंड आधी लाल होतं, अजून तापलं की पिवळं, मग पांढरं. झालं, माझं अर्धं काम त्यानेच केलं. (काक्षी साधारण 3,500 केल्विन, राजन्य 12,000 च्या आसपास.)

तेवढ्यात तिथल्या मॅडमनी विचारलं, पण आतलं कुणी बघितलंय का? म्हटलं मॅडम, माठ घेताना आपण वाजवून घेतो ना, तसंच. तारे सतत थरथरतात, त्यांचा उजेड किंचित कमीजास्त होत राहतो, आणि 2011 मध्ये केप्लर दुर्बिणीच्या डेटातून लाल राक्षसी ताऱ्यांची ही थरथर मोजून कुणाच्या गाभ्यात हेलियम जळतंय आणि कुणाच्या फक्त गाभ्याभोवती हायड्रोजन, हे वेगळं काढता आलं. वरून दोघं अगदी सारखे दिसू शकतात.

सहावीतली एक मुलगी उठली, व्हरांड्यातला पाण्याचा माठ टिचकीने वाजवला, मग निम्मं पाणी बादलीत ओतून परत वाजवला. आवाज बदलला! नंतर सगळ्यांनाच वाजवायचा होता, अर्धा तास तेच.

पुढच्या शाळेत दोन माठ घेऊन जाणारे.