तुम्ही विचारलंत म्हणून: पोटासाठी कुठलं प्रोबायोटिक (म्हणजे चांगल्या जिवंत जिवाणूंची कॅप्सूल) घ्यावं?

आधी कुठलंच नको. तुमच्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू आधीच वस्तीला आहेत आणि त्यातले बरेचसे उपाशी आहेत. राहणाऱ्यांना खायला न घालता कॅप्सूलमधून नवे पाहुणे आणायचे, तर तेही फार दिवस टिकत नाहीत. खायला म्हणजे तंतू, फायबर. आपल्याला ते पचत नाहीत, म्हणूनच ते जिवाणूंपर्यंत पोचतात. जिवाणू ते आंबवतात आणि ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन म्हणजे हेच ब्युटिरेट.

मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू हवेत. आकडा मोठा वाटतो, पण हिशेब करून बघा: ४० ग्रॅम ओट्समधून ४, सालासकट खाल्लेल्या सफरचंदातून ४, केळ्यातून ३, मूठभर शेंगदाण्यांतून अडीच आणि १५० ग्रॅम शिजवलेल्या मसुरातून जवळजवळ १२. झाले की! या यादीत सर्वात स्वस्त आणि सर्वात कामाचा कोण, हेही दिसलंच असेल. पैसे मोजकेच असतील, तर ते कडधान्यावर घाला.

"कडधान्यानं गॅस होतो" ही तक्रार खरी आहे. त्यातल्या राफिनोजसारख्या शर्करा फोडणारं विकर माणसाकडे नाही, ते काम जिवाणू करतात आणि गॅस सुटतो. म्हणून कडधान्य दहा-बारा तास भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात बोटानं सहज चिरडेल इतकं मऊ शिजवा. राजमा मात्र निदान १० मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे. मंद आचेच्या भांड्यात अर्धवट शिजलेला राजमा त्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनामुळे उलट्या-जुलाब घडवतो.

बहुतेकांची चूक वेगळीच असते. सोमवारी ठरवतात आणि मंगळवारी दोन वाट्या उसळ खातात. मग पोट फुगतं आणि गुरुवारी सगळं बंद. पहिला आठवडा रोज दोन मोठे चमचे, पुढच्या आठवड्यात चार, मग अर्धी वाटी. पाणीही वाढवा, नाहीतर नुसत्या तंतूंनी मल आणखी घट्ट होतो. रोज थोडं खात राहिलं, तर बऱ्याच जणांचा गॅस तीन-चार आठवड्यांत आपोआप कमी होतो.

शिजवून गार केलेल्या बटाट्यात आणि भातात न पचणारा स्टार्च थोडा वाढतो, पुन्हा गरम केल्यावरही तो बराचसा राहतो. फुकटचा फायदा आहे, पण भात तासाभरात फ्रीजमध्ये जायला हवा आणि दुसऱ्या दिवशी संपायला हवा. बाहेर राहिलेल्या भातात वाढणाऱ्या जिवाणूचं विष गरम करूनही जात नाही.

जिवंत जिवाणू हवेच असतील, तर साधं, बिनसाखरेचं दही. किंवा आंबवलेला कोबी. १ किलो बारीक चिरलेल्या कोबीला २० ग्रॅम मीठ, तेही वजन करून, कारण जाड आणि बारीक मिठाचा चमचा सारखा भरत नाही. दहा मिनिटं चुरून पाणी सुटलं, की स्वच्छ काचेच्या बरणीत दाबून भरा. कोबी सतत त्या पाण्याखाली बुडलेला हवा. पाणी कमी पडलं, तर लिटरला २० ग्रॅम मीठ घालून वरून ओता. झाकण सैल ठेवा, गॅसला वाट हवी. २० अंशांच्या आसपास दोन-तीन आठवडे लागतात, उकाड्यात आठवडाही पुरतो. मीठ कमी पडलं तर कोबी बुळबुळीत होतो, पाण्यावर डोकावला तर बुरशी धरते. वर पांढरा, सपाट, पातळ पापुद्रा आला तर ते यीस्ट, काढून टाका. लोकरीसारखं, हिरवं, काळं किंवा गुलाबी काही दिसलं तर अख्खी बरणी फेका, वरवर खरवडून भागत नाही. तयार कोबी फ्रीजमध्ये, जेवणात एक-दोन चमचे, न शिजवता. शिजवला की जिवाणू मेले. रक्तदाब असेल तर त्यातलं मीठ मोजणीत धरा. नुसत्या व्हिनेगरमध्ये घातलेल्या भाज्या आंबट लागतात, पण त्या आंबवलेल्या नव्हेत.

शौचावाटे रक्त, कारण नसताना घटणारं वजन किंवा पोटदुखीनं रात्री जाग येणं, यातलं काही असेल तर हे प्रयोग बाजूला ठेवून आधी डॉक्टर. आणि ज्यांचं आतडं मुळातच हुळहुळं आहे (आयबीएस म्हणतात ते), त्यांना कांदा, लसूण आणि कडधान्य उलट त्रास देऊ शकतात. त्यांनी ओट्स, गाजर, बटाटा इथून सुरुवात करावी. मसूर हवाच असेल तर डबाबंद घ्यावा, नळाखाली नीट धुवावा आणि पाव वाटीवर थांबावं. त्रास देणाऱ्या बऱ्याच शर्करा डब्यातल्या पाण्यात उतरलेल्या असतात.