परतूर कापून परभणीला जोडलं

१४ सप्टेंबर, रात्री

लेकरं झोपली आणि मी पुन्हा नकाशा उघडून बसले. १७ तारखेला मुक्तिसंग्राम दिन. वर्गाच्या भिंतीवर दोन नकाशे शेजारी शेजारी लावायचे आहेत. एक आजच्या आठ जिल्ह्यांचा मराठवाडा, दुसरा १९६० साली महाराष्ट्र झाला तेव्हाच्या पाच जिल्ह्यांचा. आठ जिल्हे मुलं घडाघडा म्हणून दाखवतात, पण जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळा झाला हे नुसतं फळ्यावर लिहून त्यांच्या डोळ्यांपुढे येत नाही. आकार दिसायला हवा.

त्यासाठी लॅपटॉपवर इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आहे आणि नकाशा कितीही मोठा केला तरी रेघ फाटत नाही, कारण चित्र ठिपक्यांचं नसून बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषांचं असतं. महाराष्ट्राचा जिल्ह्यांचा नकाशा मिळाला. परभणीवर क्लिक केलं तर अख्खा महाराष्ट्र उचलला गेला, छत्तीसच्या छत्तीस जिल्हे. सगळं एका गटात बांधलेलं होतं. कंट्रोल दाबून क्लिक केलं की गटातला एकच जिल्हा हाती लागतो आणि शिफ्टही सोबत दाबलं की पुढचे जिल्हे त्यात जमा होतात, एवढं कळायला पहिली संध्याकाळ गेली.

तोवर मी एकेक जिल्हा कॉपी करून नव्या पानावर आणत होते. साधं पेस्ट केलं की जिल्हा माउसचा बाण असेल तिथं पडतो. नांदेड बीडच्या डोक्यावर, हिंगोली कोपऱ्यात. हातानं सरकवून जुळवायला गेले तर हद्दींमध्ये फटी राहायच्या. कंट्रोल-ऑल्ट-व्ही दाबलं की तुकडा मूळ चित्रात होता त्याच जागी पडतो. आठही जिल्हे एकमेकांना चिकटून उतरले तेव्हा अंगावर खरंच काटा आला.

दुसऱ्या दिवशीची चूक मात्र महागात पडली. आठ जिल्ह्यांचा गट जपून ठेवायचा म्हणून त्याची प्रत काढली, पण डुप्लिकेट न करता क्लोन केला. कंट्रोल-डीऐवजी ऑल्ट-डी. मग आठाचे पाच करायला मूळ गटात शिरून जोडाजोडी सुरू केली. तासाभरानं बाजूच्या प्रतीकडे पाहिलं तर तिच्यातूनही हिंगोली नाहीशी झालेली. क्लोन ही मुळाची सावली असते, मूळ बदललं की तीही बदलते. कंट्रोल-झेड दाबत दाबत मागं गेले आणि खरी प्रत काढली.

जोडायचं कसं, हाही प्रश्नच होता. कम्बाइन केलं तर दोन जिल्हे एक वस्तू होतात, पण मधली हद्द तशीच राहते. युनियन केलं की मधली रेघ जाते. परभणी आणि हिंगोली जोडले तेव्हा जुन्या हद्दीवर पांढऱ्या चिरा राहिल्या, केसाएवढ्या. खूप मोठं करून पाहिलं. मूळ नकाशा काढणाऱ्यानं दोन्ही जिल्ह्यांची रेघ वेगवेगळी काढलेली, त्यामुळं बिंदूवर बिंदू बसत नव्हता. नोड टूल घेऊन प्रत्येक चिरेभोवतीचे बिंदू निवडून पुसले. चाळीसेक तरी असतील. धाराशिव आणि लातूर मिळून जुना उस्मानाबाद झाला. संभाजीनगर आणि जालना जोडून औरंगाबादही झाला. पाच जिल्हे, पाच रंग. काम झालं असं मी समजले.

आज जेवणं झाल्यावर दादांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "आपलं परतूर कुठंय यात?"

मी औरंगाबादवर बोट ठेवलं.

"हे चुकलं बघ. परतूर परभणीत होतं. जालना जिल्हा झाला तवा आपल्याला तिकडं दिलं. माझ्या दाखल्यावर जिल्हा परभणीच हाय."

मी इथंच जन्मले, इथंच शिकवते, आणि हे मला ठाऊक असायला हवं होतं. जालना जिल्हा औरंगाबादचे तालुके आणि परभणीतलं परतूर मिळून झाला, हे पुस्तकात वाचलेलंही होतं. पण हात जोडाजोडीत रमले आणि आजच्या रेघांवर मी विश्वास ठेवला. मुलांसमोर भिंतीवर चुकीचा नकाशा लागला असता.

दादांनी ट्रंकेतून त्यांचं शाळेतलं भूगोलाचं पुस्तक काढलं. पाच जिल्ह्यांचा नकाशा, तालुक्यांच्या हद्दींसह. मोबाइलनं त्याचा फोटो घेतला, जालन्याच्या खाली ठेवला, जालना अर्धपारदर्शक केला आणि पेन टूलनं जुन्या परतूर तालुक्याच्या हद्दीवरून बिंदू टाकत गेले. परभणीकडच्या बाजूला आकार मुद्दाम हद्दीबाहेर सैल ठेवला, कारण डिव्हिजन केलं की वरच्या आकारानं खालचा आकार कापला जातो आणि बाहेर राहिलेलं आपोआप गळून पडतं. दोघांना निवडलं, डिव्हिजन दाबलं. जालन्याचे दोन तुकडे झाले. एक औरंगाबादला जोडला. परतूरचा तुकडा परभणीला जोडला आणि दादांकडे वळून पाहिलं.

ते आणखी जवळ सरकले होते. "रेल्वे दाखव ना. दाखले काढायला मीटरगेजच्या गाडीनं परभणीलाच जायचो आम्ही."

मग पेन टूलनं लाइन काढली. दादा स्टेशनं सांगत गेले, मी बिंदू टाकत गेले. परतूर, सातोना, सेलू, मानवत रोड. मानवत रोडनंतर मी थेट परभणीवर क्लिक करणार तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"थांब. पेडगाव राहिलं."