दादर ते मालवण : माणगावने खाल्लेले तास

नाताळच्या सुट्टीत आम्ही तीन पिढ्या एका मोटारीतून दादरहून मालवणला गेलो. मोबाइलवरील नकाशाने साडेनऊ तास सांगितले होते. प्रत्यक्षात पंधरा लागले. १९८८ साली बाबांच्या प्रीमियर पद्मिनीने हेच अंतर तेरा तासांत कापले होते, आणि त्यात कशेडी घाटात दोनदा तापलेल्या इंजिनावर पाणी ओतण्याचा व वडाच्या सावलीत दशम्या सोडून बसण्याचा वेळही धरलेला होता.

दोष सगळ्या रस्त्याचा नाही. तेव्हाचा सतरा क्रमांकाचा महामार्ग आज ६६ झाला असून बराचसा चौपदरी आणि काँक्रीटचा आहे. कशेडीला तर आता बोगदा झाला आहे; घाटात फोडायला म्हणून आईने मांडीवर धरलेला नारळ बोगदा सरला तरी मांडीवरच होता, आणि अखेर तो मालवणात सोलकढीत गेला. सगळे पाणी मुरते ते इंदापूर ते माणगाव या पट्ट्यात. महामार्ग तिथे भर बाजारपेठेतून जातो, ताम्हिणीमार्गे आलेल्या पुण्याच्या गाड्या आणि श्रीवर्धनकडे निघालेले पर्यटक त्याच चिंचोळ्या तोंडाशी भिडतात, आणि आमच्यासारख्या सकाळी सातला घर सोडणाऱ्या शहाण्यांना मग जेमतेम दहा किलोमीटरसाठी तीन तास रांगेत बसावे लागते. त्या रांगेत आईच्या गुडघ्यांचे जे हाल झाले, ते पाहून मी या रस्त्याला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या.

म्हणून सांगतो : जायचेच तर पहाटे तीनला निघा आणि उजाडण्यापूर्वी माणगाव मागे टाका. जोडून सुट्ट्या असतील तर हा रस्ता घेऊच नका. परतताना आम्ही कणकवलीहून फोंडा घाट चढून राधानगरी, कोल्हापूर, पुणे असे आलो. अंतर वाढले, टोल आणि पेट्रोलही वाढले, तरी बारा तासांत घरी पोहोचलो. मात्र हा घाट दिवसाउजेडीच ओलांडावा. वाटेतल्या खानावळीत फलकावर भाव नसलेली सुरमई विचारल्याशिवाय मागवू नये. आम्ही मागवली आणि पाच ताटांच्या बिलात एका मुक्कामाचे पैसे गेले.

मालवणचे तीन दिवस उत्तम गेले.

मे महिन्यात पुन्हा निघायचे ठरले आहे, या वेळी जातानाही कोल्हापूरवरूनच. बाबांनी जुनी पाण्याची कॅन माळ्यावरून काढून ठेवली आहे, आणि नारळ फोंडा घाटातच फुटला पाहिजे, असे आईने आत्ताच बजावले आहे.