पैठणी सोडून थाई कापड का? तुम्ही विचारलंत म्हणून

"अगं, आपली पैठणी आहे, खण आहे, इरकल आहे, हे सगळं सोडून त्या थायलंडच्या कापडाचं काय घेऊन बसलीस?" हा प्रश्न मला लग्नकार्यात विचारतात, मेसेज करून विचारतात, बँकॉकला फिरायला आलेल्या आईच्या मैत्रिणीही विचारतात. दरवेळी मी "आवडतं म्हणून" एवढंच सांगून विषय संपवते. आवडतं हे खरंच आहे, पण त्याने कुणाचं समाधान होत नाही आणि माझंही होत नाही, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी एक गोष्ट. हत्ती छापलेली ढगळ पँट म्हणजे थाई परंपरा नव्हे, ती टुरिस्ट लोकांमुळे आली. मी ज्याच्यावरून कोट आणि जॅकेट बनवते तो उत्तर थायलंडमधल्या बायकांचा 'सिन', एका बाजूला शिवण घातलेलं, लुंगीसारखं नेसायचं वस्त्र. त्याचे तीन भाग असतात, कमरेचा पट्टा, मधलं अंग आणि खालचा काठ. बऱ्याचदा तिन्ही वेगवेगळे विणून जोडतात, कमरेचा भाग साधा असतो, तो विरला की बदलता येतो, आणि सगळी कलाकुसर खालच्या काठात. मी इचलकरंजीची, मागाच्या खडखडाटात वाढले, मला कापडाचं नवल नाही. पण हे कापड विणतानाच अंगावर कुठे बसायचं ते ठरवून येतं, कमरेचं कमरेला आणि पायाचं पायाशी, हे बघितल्यावर माझं डोकंच फिरलं. डिझाइनच्या कॉलेजात आम्हाला मोटिफ उचलायला शिकवलं होतं, कमळ उचल, देवळाचं शिखर उचल, प्रिंट कर, झालं तुमचं इन्स्पिरेशन. इथे मला कळलं की मोटिफ सगळ्यात शेवटी येतो, आधी कापडाची रचना समजून घ्यावी लागते.

दुसरा आक्षेप असा येतो की दुसऱ्यांच्या परंपरेला तू का हात लावतेस. आता थायलंडचंच बघा. पूर्वी मध्य थायलंडात बायका-पुरुष सगळेच 'चोंग क्रबेन' नेसायचे, म्हणजे एकच लांब कापड कमरेला गुंडाळायचं, टोकं एकत्र वळून पायांमधून मागे घ्यायची आणि खोचायची, आपल्या काष्ट्याची ओळख असणाऱ्याला ते समजावून सांगावं लागत नाही. १९४१ साली पिबून सोंगखराम यांच्या सरकारने 'सुधारलेल्या' पोशाखाचं फर्मान काढलं, बायकांनी चोंग क्रबेन सोडून स्कर्ट आणि हॅट घालावी म्हणून मोहीमच चालवली. मग १९६० मध्ये राजा भूमिबोल आणि राणी सिरिकित अमेरिका-युरोपच्या लांबलचक दौऱ्यावर निघाले, तेव्हा राणीने घालायचं काय असा प्रश्न आला कारण ठरलेला असा राष्ट्रीय पोशाखच नव्हता! जुने फोटो, जुने दरबारी कपडे बघून प्रकार बसवले, त्यांचे पुढे आठ झाले, आणि राणीच्या कपड्यांचं काम पॅरिसच्या पिएर बाल्मँ या फॅशन डिझायनरकडे होतं, भरतकाम तिथल्याच लेसाज या भरतकामाच्या कारखान्याकडे. आज बँकॉकला 'वाट अरुण' या देवळाच्या आसपास भाड्याने मिळणाऱ्या पोशाखात चुण्या आधीच शिवलेल्या असतात, आतून चेन असते, शिवलेली नऊवारी जशी असते तसंच. आणि सयामच्या, म्हणजे जुन्या थायलंडच्या, दरबारासाठी तर कापड आपल्याकडे कोरोमंडल किनाऱ्यावर रंगवलं जायचं, नमुने तिकडून यायचे. तेव्हा कापडाने कुठल्या देशात राहायचं हे मला कुणी शिकवू नये.

हे सगळं मी पाठ केल्यासारखं बोलते हे मला माहितीये. कारण खरा टोचणारा प्रश्न वेगळाच आहे आणि तो माझ्या मावसबहिणीने विचारला होता, "पैठणीला तुझी कात्री चालत नाही, मग त्यांच्या कापडाला बरी चालते?" खरंय, चालत नाही. आमच्या घरात जी पैठणी आहे ती आजीची, तिचे पदर कापायचा विचारही माझ्याने होत नाही. म्हणजे परकं म्हणून मी बिनधास्त कापते का? याचं उत्तर द्यायला मला मे चेमबद्दल सांगावं लागेल.

मे चेम हे चियांग माई प्रांतातलं, दोई इन्तानोनच्या डोंगरापलीकडचं खोरं. तिथला सिनचा काठ म्हणजे 'तिन चोक' प्रसिद्ध आहे. मी ज्यांच्याकडून काठ घेते त्या मावशींचा माग घराखालीच आहे, खांबांवरचं घर आणि खाली माग. सुलट बाजू जमिनीकडे ठेवून विणतात, म्हणजे विणणारीच्या डोळ्यासमोर कायम उलट बाजू. साळिंदराच्या काट्याने मोजून उभे धागे उचलायचे, बोटाएवढा रंगीत दोरा आत घालायचा, परत पुढचे उचलायचे, आणि मधूनमधून वाकून खालून बघायचं. दिवसभराच्या कामात काठ वीतभरसुद्धा पुढे सरकत नाही. सगळ्यात खाली साधा लाल पट्टा ठेवतात, नक्षी त्याच्या वर.

माझ्या कोटांमध्ये हा काठ खाली घेराला असतो. मुंबईतल्या एका दुकानाला कोट आवडले, ऑर्डर मोठी होती, माझ्यासाठी तर फारच मोठी. फक्त एक अट. "मॅडम, एवढं महागाचं काम खाली गुडघ्यापाशी कोण बघणार? कॉलरला घ्या ना, फोटोत चेहऱ्याजवळ येतं." मी नाही म्हणाले. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं की तिकडची जुनी माणसं सिनचा काठ डोक्यामानेजवळ नेत नाहीत, धुतलेला सिनही खालच्या दोरीवर वाळत घालतात, त्याच्याखालून पुरुष जात नाहीत. पलीकडून उत्तर आलं, "पण आमच्या कस्टमरला कुठे हे माहितीये?" मी ऑर्डर सोडली.

मला वाटलं मावशींना बरं वाटेल. पुढच्या वेळी गेले तेव्हा हे सांगितलं तर त्यांनी काटा बाजूला ठेवला आणि विचारलं, किती काठांची ऑर्डर होती. मी आकडा सांगितला. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "कापड विकलं की ते तुझं. मी माझ्या नातीला गळ्याशी घालू दिलं नसतं, पण मुंबईच्या बायकांना मी कशाला अडवू? मला विचारायचंस तरी." त्या पैशात त्यांच्या घराचं छप्पर होणार होतं. ते त्यांनी नंतर सांगितलं, रागाने नाही, नुसतं सांगितलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

त्यावर मी स्वतःशी किती भांडले असेन. एक मी म्हणते की बरोबर केलंस, विणणारीच्या नातीला जे चालत नाही ते कुणालाच विकायचं नाही. दुसरी मी, जी कॉलेजात असताना घरातला विटाळ मोडायला निघाली होती, आईशी दिवसदिवस अबोला धरला होता जिने, ती विचारते की बाईचं कमरेखालचं वस्त्र अपवित्र मानणारी ही रीत तू इथे येऊन का सांभाळतेस? तुझ्या घरात जी मोडलीस ती दुसऱ्याच्या घरात सुंदर कशी झाली? आणि नुसतं अपवित्रही म्हणता येत नाही, कारण याच देशात आईच्या सिनचा काठ कापून सैनिक लढाईला जाताना अंगावर ठेवायचे, रक्षण होतं म्हणून. ज्याला डोक्याजवळ नेत नाहीत तेच जीव वाचवायला जवळ घेतात. चियांग माईची तरुण डिझायनर मुलं आज हाच काठ शर्टाच्या पाठीवर, खांद्यावर, पिशवीवर लावतायत, त्यांचा तो हक्क आहे, त्यांना मी काय सांगणार.

तरी तीच ऑर्डर उद्या परत आली तर कॉलरला मी नाहीच म्हणेन. फरक एवढाच की आधी मे चेमला फोन करेन. मावशी हो म्हणाल्या तर काय, हे मला माहीत नाही, खरंच नाही.

आणि कात्रीचं. विणून तयार झालेला सिन मी कापत नाही, कोटासाठी काठ वेगळा विणून घेते, लांबी सांगून, घेर सांगून, म्हणजे कुणाचं नेसलेलं वस्त्र मोडत नाही. हे मला इथेच सुचलं, पैठणीवर थेट काम सुरू केलं असतं तर मी मोटिफचा मोरच उचलला असता आणि त्याला फ्यूजन म्हटलं असतं. आता येवल्यात एका विणकरांशी बोलणं चालू आहे, साडी नाही, कोटासाठीच कापड, काठ आणि पदर कोटाच्या मापाने. काठाचं जमतंय. पदर अंगावर कुठे आला पाहिजे यावर मात्र आमचं अडलंय, मी म्हणते पाठीवर, आई म्हणते डाव्या खांद्यावरून पुढे, विणकर म्हणतात पदर वेगळा निघाला की तो पदरच राहत नाही.