बोकड्या दिसण्याआधीचा अर्क

मिरचीवर बोकड्या, म्हणजे पाने चुरडणारा विषाणूजन्य रोग, दिसला की आमच्या नंदुरबार भागात पहिला प्रश्न असतो, ‘आता काय मारू?’ हा प्रश्न विचारेपर्यंत उशीर झालेला असतो, कारण विषाणू एकदा झाडात शिरला की त्याला बाहेर काढणारे औषध नाही, मग ते बाटलीतले असो वा बांधावरचे. दोन वर्षांपूर्वी मीही चुरडलेल्या झाडांवर पुनर्नवेचा (घेटुळीचा) उकळून केलेला काढा तीनदा फवारला आणि एकही शेंडा सरळ झाला नाही.

तरीही पुनर्नवेवरचा माझा विश्वास उडाला नाही, कारण तिचे काम वेगळे आहे. पावसाळ्यात बांधावर पसरणाऱ्या या घेटुळीच्या मुळांवर लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्रज्ञ एच. एन. वर्मा यांनी दीर्घकाळ संशोधन केले. मुळांच्या अर्कातील घटक विषाणूला मारत नाहीत, तर झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतात, आणि ती ज्या पानांवर फवारा पडला नाही त्यांतही दिसते. गुलबक्षीचा अर्कही असाच विषाणूंविरुद्ध वापरतात. तिच्यातील प्रथिन पेशीतल्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रावर आघात करते. विषाणूकडे असे स्वतःचे यंत्र नसते, त्यामुळे झाडाचे यंत्र थांबले की त्याची वाढही अडते. दोन्ही वनस्पतींचा उपयोग संसर्गाआधीच होतो, आणि प्रथिने उकळल्यावर सहसा निकामी होत असल्यामुळे मी काढा करणे सोडून दिले आहे.

आता मी पुनर्नवेची १०० ग्रॅम ताजी मुळे धुऊन पाट्यावर वाटतो, लिटरभर थंड पाण्यात कालवतो आणि दुहेरी धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळतो. मुळांचे तंतू राहिले तर पंपाचा नोझल तुंबतो आणि अर्धी संध्याकाळ तो सुईने साफ करण्यात जाते. हा अर्क त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, रोपे गादीवाफ्यावर चार पानांची झाली की फवारायला सुरुवात करतो आणि पुनर्लागवडीनंतरही आठ दिवसांच्या अंतराने चालू ठेवतो.

मात्र नुसत्या अर्कावर मी मिरची सोडणार नाही. बोकड्याचा विषाणू पांढरी माशी थेट पानाच्या अन्नवाहिनीत सोडते, तिथवर वरून पडलेला थेंब पोहोचेलच असे नाही. म्हणून रोपवाटिकेवर ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) जाळी, पिवळे चिकट सापळे, ५ टक्के निंबोळी अर्क आणि सुरुवातीचे रोगट झाड दिसताच उपटून पुरणे, हे सारे आधी येते. तंबाखू मळलेल्या हाताने रोपांना शिवू नये, कारण तंबाखूतला मोझॅक विषाणू हाताच्या स्पर्शानेच मिरची आणि टोमॅटोवर जातो. मजुरांना हे पुन्हा पुन्हा सांगताना मला संकोच वाटत नाही.

आणखी एक गोष्ट, प्रत्येक चुरडलेले पान विषाणूचेच नसते. पाने खाली वळून उलट्या होडीसारखी झाली असतील तर बहुधा कोळी (रस शोषणारी बारीक कीड) असतात, वर वळली असतील तर फुलकिडेही असू शकतात. भिंग घेऊन पानाची खालची बाजू पाहिल्याशिवाय पंप उचलू नये.

यंदा दोन सऱ्या मी मुद्दाम नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यावर ठेवल्या आहेत, जाळी आणि सापळे मात्र सगळीकडे सारखेच आहेत. दर रविवारी दोन्हीकडची मुरडलेली झाडे मोजून वहीत लिहितो, आणि पहिला तोडा होईपर्यंत ही मोजणी चालू राहील.