जपानवाली

"कोण कुठली बाई, फोनात गाठ पडलेली, अन् तिच्यासाठी एवढ्या लांब जायलीस?" सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी प्रवासाचे धपाटे थापत होते. उत्तर दिलं नाही, कारण प्रश्न चुकीचा नव्हता. टोकियो बघायचंय, हे सगळ्यांना सांगायचं कारण होतं. खरं कारण ती बाईच होती.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडली आणि मी आईची जुनी लुगडी काढून वाकळ शिवायला बसले. पोरानं तिचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. आठवड्याभरात एका जपानी बाईनं तिच्या आजीच्या पांघरुणाचा फोटो पाठवला. निळ्यावर निळी ठिगळं आणि त्यावरून पांढरा धावदोरा. मनात आलं, यांच्याकडंही आपल्यासारखीच गरिबी होती की काय! होतीच. त्यांच्या उत्तरेकडच्या आओमोरी भागात थंडीमुळं कापूस पिकायचा नाही. दुसरीकडून आलेली सुती चिंधीसुद्धा मोलाची, म्हणून ठिगळावर ठिगळ चढवत एकच कापड पिढ्यान्‌पिढ्या वापरायचे. अशा कापडाला ते बोरो म्हणतात आणि त्या टाक्याला साशिको. आमच्या परभणीकडं कापूस उदंड, पण म्हणून वाकळीला कुणी कधी नवं कापड लावलं नाही.

ती कुठं राहते ते कळलं, मी कुठं राहते ते तिनं विचारलं. "अजिंठ्याच्या जवळ?" मी "हो" म्हणून टाकलं. अजिंठा आमच्यापासून दोनशे किलोमीटरच्या वर, आणि मी तिथं एकदाच गेलेली, तीही सहलीतली पोरं मोजत. लेण्यांतलं तिलाच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक निघालं.

ती जपानीत लिहायची, मी मराठीत, आणि मधे भाषांतराचं ॲप. एकदा मी लिहिलं, "आज डोकं उठलंय." तिच्यापर्यंत काय पोचलं देव जाणे. पाच मिनिटांनी उत्तर आलं, "तुमच्या डोक्याला सुप्रभात." मी इतकी हसले की डोकं खरंच थांबलं.

हळूहळू तिला आमचा पाण्याचा दिवस पाठ झाला. जपानचं घड्याळ साडेतीन तास पुढं. पहाटे साडेपाचला मी नळाखाली घागर लावायचे तेव्हा तिच्याकडं नऊ वाजलेले असायचे. "आज पाणी आलं का?" असं मला विचारणारी जगात दोनच माणसं, शेजारच्या वहिनी आणि ती. तिची सासू विसरत चाललीय, नवख्या माणसाला बघून घाबरते, रात्री उठून चपला शोधते, हे मला माहीत होतं. ती स्वतः उंच की बुटकी, ते मात्र माहीत नव्हतं. व्हिडिओत कायम तिचे हातच दिसायचे. लांब बोटं आणि मधल्या बोटाच्या बुडाशी चकतीचं अंगुस्तान. आपण बोटाच्या टोकानं सुई ढकलतो, ते तळव्याकडून ढकलतात. सुई जागेवर धरून कापडच तिच्यावर चुण्या घालत चढवतात. मी ते करून बघितलं, पण जमलं नाही.

निवृत्तीनंतर पासपोर्ट काढला. हे म्हणाले, "मला नको, तिथं खायचं काय?" शेजारच्या वहिनींनी फाटकापाशी "एकट्याच जायलात का?" म्हणून तीनदा विचारलं. देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर मुंबई, तिथून विमान. पोराच्या सूचना चालूच होत्या. भेटायचं ते गर्दीच्या जागीच, हॉटेलचं नाव सांगायचं नाही, लोकेशन बंद करायचं नाही. मला जरा लाज वाटली. पाच वर्षांच्या मैत्रिणीवर असा संशय? तेवढ्यात तिचाच निरोप आला. "माफ करा, पण माझी मुलगी म्हणते गर्दीच्या ठिकाणीच भेटा. शिबुया स्टेशनबाहेर हाचिकोचा पुतळा चालेल का?" म्हणजे तिकडंही घरात माझ्यावर चर्चा झालेली! मला उगाच बरं वाटलं.

हाचिको म्हणजे एक कुत्रं. मालक प्राध्यापक, १९२५ मध्ये अचानक वारले. कुत्रं मात्र १९३५ मध्ये मरेपर्यंत त्यांची वाट बघत या स्टेशनावर येत राहिलं. ते जिवंत असतानाच, १९३४ मध्ये, त्याचा पुतळा बसवला. युद्धात तो वितळवला गेला आणि १९४८ मध्ये पुन्हा उभा राहिला. आता सगळं टोकियो एकमेकांना तिथंच बोलावतं. न आलेल्या माणसाच्या आठवणीपाशी भेटीगाठी ठरवायच्या, हे मला तरी अवघड वाटलं. मी अर्धा तास आधीच जाऊन उभी राहिले. प्रत्येक चेहरा न्याहाळला. तो चेहरा मी कधी नीट पाहिलाच नव्हता, हे ध्यानात यायला वीस मिनिटं लागली. मग हातांकडं बघायला लागले आणि दोन मिनिटांत सापडली.

बुटकी होती. माझ्या खांद्याला जेमतेम लागेल एवढी. ती लवली, मी हात जोडले, ती परत लवली, मी परत हात जोडले. आणि मग काही सुचेनाच. जिच्याशी रात्र-रात्र बोलले तिच्याशी बोलायला एक वाक्य नाही! बाकावर शेजारी-शेजारी बसून दोघी आपापल्या फोनवर एकमेकींना लिहीत बसलो. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, भांडण झालंय.

शेवटी तिनं मला उठवलं आणि यामानोते लाइनच्या गाडीत बसवलं. जपानी गाडीत मोठ्यानं कुणी बोलत नाही, फोनवर तर नाहीच. आमच्याकडं गाडीत एवढा वेळ गप्प बसलं तर शेजारचा विचारतो, "ताई, बरं वाटंना का?" मला मात्र ती शांतता देवासारखी पावली. गप्प बसायला रीतसर परवानगी मिळाली होती. निप्पोरी येईपर्यंत मी तिचा कोट, तिचे जाड तळव्याचे बूट, तिचा सुपारीसारखा घट्ट अंबाडा बघून घेतला. हे सगळं फोनात मावत नव्हतं.

निप्पोरीला एक अख्खा रस्ता कापडाच्या दुकानांचा. तिथं आमची वाचा परत आली, आणि तीही ॲपशिवाय. ती अंगठा आणि बोटात कापड चुरगाळून बघायची, मग उलटं करून पाठ बघायची. अगदी माझी आई. मी पोत बघून नाक मुरडलं की ती मान हलवायची. एका निळ्या सुती ताग्यापाशी मी सवयीनं भाव पाडायला तोंड उघडलं, तर तिनं माझी बाही ओढली. एवढ्या वर्षांत तिनं मला पहिल्यांदाच गप्प केलं, आणि त्याचा मला फार आनंद झाला.

संध्याकाळी कॉफी घेतली आणि भेटी दिल्या. माझी वाकळ परभणीच्या दुकानातून आणलेल्या चमचमत्या कागदात, वर लाल फीत. परदेशी भेट म्हणून मुद्दाम केलेला थाट. तिनं पिशवीतून काढलं ते चक्क गाठोडं! चौकोनी कापडात, चार कोपऱ्यांची गाठ मारून. फुरोशिकी म्हणतात त्याला. माझ्या आजीच्या हातातलं गाठोडं इथं टोकियोत होतं आणि मी कागद घेऊन आलेले. दोघींनीही देणाऱ्यासमोर भेट उघडली नाही. ती रीत तिकडं आहे आणि आमच्या घरीही.

तिनं घरी काही बोलावलं नाही. खरं सांगते, मला ते लागलं. कुणी एवढ्या लांबून परभणीला आलं आणि मी त्याला बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं, तर भावकीत तोंड दाखवता आलं नसतं. रात्री हॉटेलात पडल्या-पडल्या आठवलं की तिची सासू नवख्या माणसाला बघून घाबरते. हे तर मला वर्षभर ठाऊक होतं! तेव्हा मी किती समजूतदार उत्तरं लिहिली होती.

पुढं क्योतोतही एक ओळखीची भेटली, तिथंच राहणारी परदेशी बाई. लिहिण्यात फार गमतीची. समोर बसल्यावर सगळा वेळ फोन बघत होती. असो.

त्या संध्याकाळचं एक राहिलं. निप्पोरी स्टेशनच्या दारात ही गर्दी, गाड्यांच्या घोषणा, डोळ्यांवर येणारे दिवे. मी कपाळ दाबून स्वतःशीच मराठीत पुटपुटले, "डोकं उठलं बाई." तिला कळायचं काही कारणच नव्हतं. पण तिनं माझ्या हाताकडं बघितलं, दोन बोटं स्वतःच्या कपाळाला लावली आणि संध्याकाळी सात वाजता, भर गर्दीत, पार कमरेत लवून म्हणाली, "ओहायो गोझाइमास." सुप्रभात.