तुम्ही विचारलंत म्हणून: तलंगेच्या गळ्याखालचा गोळा

परसात कोंबड्या पाळणाऱ्यांकडून एक प्रश्न इतक्या वेळा येतो की वाक्य अर्धं झालं की मला पुढचं कळतं. ‘दोन-अडीच महिन्यांची तलंग आहे, गळ्याखाली उजव्या अंगाला गोळा आलाय, काय देऊ?’ (तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी.) सोबत फोटो असतो आणि तो हमखास संध्याकाळचा असतो. मी उलट विचारते, सकाळी कसा होता? इथे बहुतेकांची गाडी अडते, कारण सकाळी कुणी हात लावून पाहिलेलंच नसतं.

तो गोळा बऱ्याचदा दिवसभराचं जेवण असतो, बाकी काही नाही. कोंबडीला दात नाहीत. टिपलेला दाणा थेट पोटात जात नाही. मान संपते तिथे, तिच्या उजव्या बाजूला, अन्ननलिकेचीच एक पातळ पिशवी असते, तिच्यात तो साठतो, भिजतो, मऊ पडतो. मग थोडा थोडा खाली उतरतो, आधी पाचक रस सुटणाऱ्या पोटात आणि तिथून पेषणीत. पेषणी म्हणजे गिळलेल्या बारीक खड्यांवर दाणे दळणारं जाड स्नायूंचं पोट. कोंबडीवर झडप घालायला कोणी ना कोणी टपलेलं असतंच, त्यामुळे उघड्यावर भराभर गिळायचं आणि आडोशाला बसून पचवायचं, अशी ही सोय. झोपायला जाताना पिशवी टम्म असलीच पाहिजे. उजाडताना ती सपाट हवी. अगदी लहान पिल्लांना तिथे पिसं धड आलेली नसतात, कातडीही पातळ, त्यामुळे भरलेली पिशवी भलतीच मोठी दिसते, आतलं खाद्यसुद्धा कधीकधी दिसतं. नव्याने पिल्लं आणलेली माणसं ते पाहून घाबरतात आणि औषधाची बाटली शोधायला लागतात.

सकाळच्या तपासणीला एक अपवाद आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. पिल्लं रात्रभर लख्ख उजेडाच्या दिव्याखाली असतील तर ती रात्रभर खातात. त्यांची पिशवी पहाटे रिकामी सापडणारच नाही. अशा वेळी खाद्याचं भांडं दोन-तीन तास बाजूला घ्यायचं, पाणी तसंच ठेवायचं आणि मग हात लावायचा. आईच्या पंखाखाली किंवा अंधारी ऊब देणाऱ्या हीटरखाली झोपणाऱ्या पिल्लांना हा घोळ नाही.

हात कसा लावायचा ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं बोटांवर अवलंबून आहे. उजाडायच्या सुमारास, खाद्य टाकण्याआधी, तिला मांडीवर घ्या, पंख तुमच्या पोटाशी दाबलेले राहू द्या. दोन बोटं मानेवरून खाली, छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत आणा. निरोगी तलंगेच्या तिथे सैल कातडी लागते, फार तर चिमूटभर काहीतरी. आदल्या संध्याकाळी बोटांना एकेक दाणा वेगळा कळत होता, तो आता नसतो. सकाळीही घट्ट गोळा लागला, दाबल्यावर खळगा तसाच राहिला, तर आत काहीतरी गच्च बसलंय. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी डुचमळत असेल आणि चोचीला आंबूस, कुबट वास येत असेल, तर आतलं खाद्य नासून बुरशी माजलीय. आणि पिशवी रिकामी होते खरी, पण ढिली पडून छातीवर लोंबते, ही तिसरी गोष्ट. तिच्याकडे शेवटी येते.

घट्ट गोळ्याचं मूळ बहुतेक वेळा लांब गवतात असतं. नुकती बाहेर सोडलेली तलंग खाण्याच्या बाबतीत अधाशी आणि अडाणी असते. लांबच लांब पात्या, वाळलेलं गवत, सुतळीचा तुकडा, प्लास्टिक, दुसरीची पिसं, खाली अंथरलेला भुसा, जे दिसेल ते गिळते. पात्या आत एकमेकींत गुंततात, त्यांची वळी होते आणि पिशवीच्या खालच्या तोंडातून ती उतरत नाही. त्यात खडे मिळालेले नसतील तर पेषणीही नुसतीच चोळत बसते. पिल्लांचं चुरा-खाद्य पाण्यात विरघळतं, तेवढंच खात असतील तोवर खड्यांवाचून अडत नाही. पहिला हिरवा पाला किंवा पहिला अख्खा दाणा द्यायच्या आधी मात्र त्यांच्या वयाच्या मानाने बारीक, न विरघळणारे खडे समोर हवेत. शिंपल्यांचा चुरा म्हणजे खडे नव्हेत. तो पोटात विरघळतो आणि त्यातलं कॅल्शियम तलंगेला नको असतं. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, वाढीच्या वयाला साधारण एक टक्का पुरे होतं. वरचं सगळं मूत्रपिंडांवर येतं. सगळ्यांना एकच खाद्य घालण्याचा आळस बऱ्याच घरी चालतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आमच्याकडच्या एका तांबूस तलंगेचं असंच झालं होतं. सकाळी गोळा लिंबाएवढा, कडक. ती खाद्याजवळ जायची, चोच घालायची आणि मान वाकडी करून मागे सरायची. विष्ठा इवलीशी, हिरवट, वर पांढरा ठिपका. पोटात अन्न पोहोचत नसलं की नुसतं पित्त उतरतं, तो हिरवा रंग त्याचा. तिला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं, खाली गवत न घालता जुना कापडाचा तुकडा अंथरला, म्हणजे तेही गिळायला नको आणि विष्ठा मोजता येते. जाळीपलीकडे तिच्या सोबतिणी दिसत राहतील असं पाहिलं. एकटं पाडलेलं पिल्लू खाणंच सोडतं. मग कोमट पाणी ड्रॉपरने चोचीच्या कडेला एकेक थेंब. थेंब लावला की ती जीभ हलवते, डोकं वर करते, गिळते, तेव्हाच पुढचा. पाणी आत गेल्यावर गोळ्याच्या कडा बोटांच्या पेरांनी चोळायच्या, मधोमध दाबायचं नाही. पाच मिनिटं झाली की सोडायचं, तासा-दोन तासांनी पुन्हा. पहिल्या खेपांना काहीच हललं नाही. दुपारनंतर बोटाखाली एक बाजू मऊ लागली, आत गुरगुर ऐकू आली आणि तिने जाडसर, गवताच्या तुकड्यांनी भरलेली विष्ठा टाकली. त्या विष्ठेकडे मी ज्या कौतुकाने पाहिलं ते घरातल्या बाकी कुणाला कळलं नाही.

त्यानंतर तिला भिजवलेलं खाद्य, पातळसर, चमचा-चमचा, दिवसातून अनेकदा. पिशवी ताणली गेलेली असते, लगेच पोटभर दिलं की पुन्हा तुंबते. मोठ्या कोंबडीला अशा वेळी 12 ते 24 तास दाण्यावाचून नुसत्या पाण्यावर ठेवतात. वाचलेला हा नियम काही आठवड्यांच्या पिल्लाला लावू नका. त्याच्या अंगात साठा नसतो, ते थंड पडतं, आणि थंड पडलेल्या पिल्लाचं पचनही थांबतं. आजारी पिल्लू कापसासारखं फुगून बसलं असेल तर आधी ऊब, मग पाणी, आणि पिशवी चोळणं त्याच्यानंतर. पहिल्या आठवड्यात पिल्लाला 32 ते 35 अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी करत न्यायची, पिसं पुरी फुटेपर्यंत.

आता नको त्या उपायांकडे येते, कारण ‘काय देऊ’ विचारणाऱ्यांना कुणीतरी हे आधीच सुचवलेलं असतं. तलंगेला उलटं धरून पिशवी पिळून ओकवायचं, हा सल्ला फार फिरतो. जिभेच्या मुळाशी, अगदी समोर, तिच्या श्वासनळीचं तोंड असतं. चोच उघडून पाहिलंत तर उघडमीट करणारी फट दिसते. वर येणारं आंबलेलं पाणी त्यात गेलं की गोळ्याने न मेलेली कोंबडी त्या पाण्याने मरते, तीही तुमच्या हातात. तोंडात तेल ओतणं हाही तोच धोका, थोडा सौम्य. फार तर भिजवलेल्या खाद्यात थेंब-दोन थेंब मिसळा, तिला स्वतःला खाऊ द्या. आणि ब्लेडने घरीच पिशवी उघडण्याच्या हकिकती वाचून कुणी उत्साहात येऊ नये. हे काम पशुवैद्य भूल देऊन करतात. पिशवी आणि वरची कातडी हे दोन थर वेगवेगळे शिवावे लागतात, एकत्र शिवले तर ताण येतो आणि टाका गळतो.

डुचमळणाऱ्या, वास येणाऱ्या पिशवीला मात्र चोळू नका. आत घट्ट काही नाहीच, चोळून पाणी वर येईल एवढंच. तिथे कँडिडा नावाची बुरशी वाढलेली असते. ती एरवीही थोडीफार असतेच, अन्न तुंबून राहिलं किंवा अँटिबायोटिक्सनी चांगले जंतू मारले गेले की तिचं फावतं. म्हणून ‘गोळा आलाय, घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी देऊ का’ या प्रश्नाला माझं उत्तर ठाम नाही असंच असतं. बुरशीवर निस्टॅटिनसारखं औषध असतं. ते रक्तात शोषलं जात नाही, पिशवीच्या अस्तराला लागूनच काम करतं, त्यामुळे आतला साठा कमी असताना द्यावं लागतं. मात्रा वजनावर ठरते, ती पशुवैद्याकडून घ्या. मोरचूद पाण्यात घालण्याची जुनी पद्धत अजून कोणी कोणी सांगतं. औषधाची आणि विषाची मात्रा त्यात इतकी जवळजवळ आहे की अर्ध्या किलोच्या पक्ष्यावर अंदाजाने तो खेळ करू नये. दह्याबद्दलही विचारतात. कोंबडीला दुधातली साखर नीट पचत नाही, त्यामुळे बिघडलेल्या पिशवीत दही ओतण्यात मला अर्थ वाटत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. पिशवी तुंबली, ती मोकळी करून दिली, तीन दिवसांनी पुन्हा तुंबली, असं झालं की पिशवीकडे पाहणं थांबवा आणि उरलेल्या कोंबडीकडे पाहा. पिशवी स्वतःहून क्वचित बिघडते. खालचा रस्ता थांबला की ती वर भरून राहते. तीन ते सहा आठवड्यांचं पिल्लू अंग आखडून बसलंय, विष्ठेत रक्त आहे, तर ती रक्ती हगवण आहे आणि तिचं औषध वेगळं. जंत झालेले असू शकतात. पेषणीतच गवताची वळी बसलेली असू शकते, तिथे बोटं पोहोचत नाहीत. जुन्या रंगाचे पोपडे किंवा शिशाचे तुकडे टिपलेली कोंबडीही अशीच तुंबलेली पिशवी घेऊन येते.

आणि मॅरेक्स. साधारण दीड-दोन महिन्यांपासून पुढच्या तलंगा या विषाणूच्या तावडीत सापडतात. तो नसांवर बसतो, आणि पिशवी हलवणारी नस त्यात सापडली की पिशवी नुसती भरून लोंबत राहते. एका करड्या तलंगेची पिशवी मऊ होती, वास नव्हता, चोळलं की थोडं उतरायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी आठवडाभर पिशवीचं वेळापत्रक सांभाळलं. मग एका दुपारी ती अंगणात बसली ती एक पाय पुढे आणि एक मागे टाकून. पायाचा हा प्रकार एकदा पाहिला की पुन्हा ओळखायला चूक होत नाही. त्या आजारावर औषध नाही. लस असते, पण ती फार तर अंड्यातून निघाल्याच्या दिवसापर्यंत टोचायची, नंतर तिचा फारसा उपयोग नाही. पशुवैद्यांनी तिला कायमचं झोपवलं. पिल्लं विकत घेणार असाल तर ही लस झालीय का, एवढा एक प्रश्न पैसे देण्याआधी विचारा.

डॉक्टरकडे कधी, हेही विचारता. घट्ट गोळा दिवसभर चोळून, पाणी देऊनही तसूभर हलला नाही तर दुसऱ्या दिवशी. चोच उघडी टाकून श्वास घेत असेल, तोंडातून पाणी गळत असेल, मान टाकली असेल, पाय ओढत असेल, तर त्याच तासाला. जाताना तिचं रोजचं वजन लिहिलेला कागद आणि ताजी विष्ठा डबीत घेऊन जा. साध्या वजनकाट्यावर रोज सकाळी ठेवलेली तलंग तुमच्या अंदाजापेक्षा जास्त सांगते. वाढत्या वयात वजन नुसतं जागच्या जागी राहिलं तरी ते घटल्यातच जमा. आणि प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा, विशेषतः लहान मुलं मदतीला असतील तर. माणसाला जुलाब लावणारा साल्मोनेला हा जंतू निरोगी दिसणाऱ्या पक्ष्यावरही असतो.

राहिली ती लोंबती पिशवी. ताणून ढिली झालेली पिशवी पुरती आवळून येत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे महिनाभर चोळत बसायला नको. एकाच वेळी भरपेट खाऊ न देता थोडं थोडं द्यायचं, लांब गवत कापून टाकायचं, उन्हाळ्यात ती ढोसढोस पाणी पिते त्याच्याकडे लक्ष ठेवायचं. पिशवी वर उचलून धरणारे कापडी पट्टे मिळतात, पंखांखालून पाठीवर बांधायचे. बांधलेली कोंबडी पहिले दोन दिवस फारच अपमान झाल्यासारखी चालते, बाकीच्या तिला टोचून पाहतात, म्हणून सुरुवातीला नजरेसमोर ठेवा. पट्टा रोज सोडून खालची कातडी घासली गेलीय का ते बघा. अशी तलंग पुढे नीट अंडी घालू शकते. ती अंडी खा, पण उबवायला ठेवू नका, कारण पिशवी ढिली पडण्याचा कल पिल्लांतही उतरू शकतो.